आधी सेल काढा : जुन्या मदरबोर्डांविषयी वाचकांचे प्रश्न

जुने संगणक जपणाऱ्या वाचकांनी आपले प्रश्न पाठवावेत, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रं भरभरून आली आणि बहुतेकांत एक वाक्य सारखंच निघालं : 'माळ्यावरून काढला, फडक्याने पुसला आणि चालू करून पाहिला.' माझी सगळी नोकरी सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर बोर्ड दुरुस्त करण्यात गेली. त्यामुळे हे वाक्य वाचलं की पोटात गोळा येतो. पडून असताना सेल गळतो आणि बोर्ड खराब होतो ते होतंच, पण उरलेलं नुकसान बहुतेक वेळा या घाईत होतं. खालच्या उत्तरांत 'आधी मोजा' हे पुन्हा पुन्हा येईल. ते मुद्दाम आहे.

ताई, माझ्या वडिलांचं टायपिंग आणि हिशेबलेखनाचं छोटं दुकान होतं. त्यांचा ३८६ संगणक परवा उघडला. कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळ्या प्लॅस्टिकचा गोल सेल आहे, त्याच्याभोवती हिरवट-निळी पावडर जमली आहे. पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही. बोर्ड वाचेल का?
— एक वाचक, कराड

आशा चांगली आहे. पण पुढचं वाचण्याआधी साइड कटर घ्या आणि सेलचे पाय कापून तो काढून टाका. सोल्डर वितळवून नीट उतरवू म्हणून थांबू नका, तो सेल पुन्हा कशालाच लागणार नाही. घरच्या कचऱ्यातही टाकू नका, त्यात कॅडमियम आहे. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

हा निकेल-कॅडमियम सेल. आत १.२ व्होल्टचे तीन घटक, मिळून ३.६ व्होल्ट. संगणक चालू असताना बोर्ड त्याला चार्ज करतो आणि बंद असताना घड्याळ आणि सेटअपची नोंद त्याच्यावर टिकते. २८६ पासून ४८६ पर्यंतच्या प्रोसेसर पिढ्यांच्या असंख्य बोर्डांवर तो थेट सोल्डर केलेला असे. वय झालं की तो गळतो. गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली. अनेकजण 'ॲसिड गळलंय' म्हणतात आणि त्यावर खाण्याचा सोडा चोळतात. त्याचा काही उपयोग नाही. अल्कली मारायला साधं पांढरं व्हिनेगर लागतं.

हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा असू द्या. जुना टूथब्रश व्हिनेगरमध्ये बुडवून त्या भागावर हलक्या हाताने फिरवा. बुडबुडे येतील. ते थांबेपर्यंत ब्रश चालू ठेवा. मग डिस्टिल्ड वॉटरने दोनदा-तीनदा धुवा, कारण बोर्डावर राहिलेलं व्हिनेगरही तांबं खातं. डिस्टिल्ड वॉटर इन्व्हर्टरच्या बॅटरीवाल्याकडे मिळतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण एक दिवस पंख्याखाली वाळू द्या.

आता खरं काम. अल्कली ट्रॅकवरच्या (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांवरच्या) हिरव्या लेपाखालून सरकत जाते. वरून ट्रॅक शाबूत दिसतो, आतलं तांबं मात्र काळं पडून तुटलेलं असतं. जिथे लेप काळपट किंवा फुगलेला दिसेल, तिथे ब्लेडच्या टोकाने तो अलगद खरवडा. तांबं गुलाबी, चकचकीत लागलं की पुरे. मग मल्टिमीटर बझरवर ठेवून प्रत्येक ट्रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा. बोर्डाच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाणारी बारीक भोकं विसरू नका. भोकाच्या आतला तांब्याचा मुलामा आधी जातो आणि तो डोळ्याला दिसत नाही. तुटलेल्या ट्रॅकसाठी इनॅमलची बारीक तार घ्या, टोकं खरवडून सोल्डरने माखा आणि जुन्या ट्रॅकच्याच वाटेने टाका. काळवंडलेल्या सांध्यावर नवं सोल्डर धरत नाही. आधी फ्लक्स लावून जुनं काढा, मग ताजं भरा.

डिस्प्ले न येण्याचं कारण बहुधा सेलच्या शेजारीच सापडेल. कीबोर्ड सॉकेटजवळ ४० पायांची एक आयसी असते, तिच्यावर ८०४२ किंवा 'कीबोर्ड बायोस' असं काही छापलेलं असतं. नाव कीबोर्डचं असलं तरी ती प्रोसेसरचा रीसेट आणि ए-२० नावाची पत्त्याची लाइनही सांभाळते. तिचे ट्रॅक तुटले तर बोर्ड सुरूच होत नाही. तुमच्या बोर्डावर एएमआयचा बायोस (संगणक सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) असेल आणि स्पीकरमधून सहा बीप येत असतील, तर रोख सरळ या आयसीकडे आहे. ती बेसमध्ये (आयसी खोचायच्या सॉकेटमध्ये) बसवलेली असेल तर काढून बेसच्या आतले पत्रे पाहा. हिरवे झाले असतील तर बेसच बदला. घासून आज चालेल, पावसाळ्यात पुन्हा रुसेल.

नवा सेल बोर्डावर सोल्डर करू नका. बहुतेक अशा बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा दिलेली असते. एक नंबरची पिन अधिक, चौथी उणे. तरी आधी मोजा : सेल न लावता बोर्ड चालू करा आणि त्या पिनांवर किती व्होल्ट येतात ते पाहा. व्होल्ट येत असतील तर बोर्ड तिथूनही चार्जिंग करतो आहे, आणि साधे पेन्सिल सेल चार्ज केले तर तेही फुटून गळतील. अशा वेळी अधिकच्या तारेत १एन४१४८ हा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाका, त्यावरची पट्टी बोर्डाच्या बाजूला. तीन पेन्सिल सेलचा होल्डर घ्या आणि तो तार लांब ठेवून कॅबिनेटच्या तळाशी चिकटवा. पुढे कधी हे सेल गळले, तरी बोर्डापासून दूर गळतील.

आणि एक सांगते. तुटलेल्या ट्रॅकसाठी टाकलेल्या जंपर तारा दिसतात म्हणून त्यांवर रंग मारू नका. त्या तारा म्हणजे या बोर्डाचा इतिहास आहे. पुढे कुणी तो उघडेल, त्याला काय झालं होतं ते कळलं पाहिजे.

जुन्या एसएमपीएसमधून (वीजपुरवठ्याच्या डब्यातून) मदरबोर्डला दोन वेगवेगळे कनेक्टर येतात, पी८ आणि पी९. कोणता कुठे लावायचा? दोन्ही दोन्हीकडे बसतात.
— एक विद्यार्थिनी, नाशिक

बसतात, आणि म्हणूनच बोर्ड मरतात. नियम एकच : दोन्ही कनेक्टरच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना चिकटून आल्या पाहिजेत. काळ्या तारा बाहेरच्या टोकांना गेल्या, तर जमिनीच्या (ग्राउंडच्या) पिनांवर पाच व्होल्ट जातात आणि क्षणात सगळं संपतं. रंग पाठ करून ठेव : लाल पाच व्होल्ट, पिवळी बारा, निळी उणे बारा, पांढरी उणे पाच, आणि पी८ वरची एकटी नारिंगी म्हणजे 'पॉवर गुड'. एसएमपीएस आपला दाब (व्होल्टेज) स्थिर झाल्याचं तिच्यावरून बोर्डाला कळवतो.

याच जोडीने दुसरी गोष्ट. जुन्या एटी कॅबिनेटच्या पुढच्या बटणापर्यंत घरातली २३० व्होल्टची वीज थेट तारेने आलेली असते. आजच्या संगणकांत तसं नसतं, म्हणून सवयीने हात जातो. प्लग भिंतीतून काढल्याशिवाय त्या बटणाच्या तारांना हात लावायचा नाही. एसएमपीएसच्या मागे ११५/२३० असा खटका असेल तर तो २३० वर आहे ना, हेही आधी पाहा.

नवा एटीएक्स एसएमपीएस ॲडॅप्टर लावून वापरता येतो. मात्र नव्यांतून पांढरी तार, म्हणजे उणे पाच व्होल्ट, काढून टाकलेली आहे. बोर्डाचं सहसा अडत नाही, पण काही जुनी आयएसए (जुन्या पद्धतीच्या लांब स्लॉटमधली) साउंड कार्डं तिच्यावाचून बोलत नाहीत.

एक्सटी बोर्ड आहे, ८०८८ प्रोसेसरचा. बटण दाबलं की पंखा एकदा हलतो आणि थांबतो. दुकानदार म्हणतो एसएमपीएस गेला. दुसरा लावला, तोही तसंच करतो.
— एक वाचक, धुळे

दोन एसएमपीएस एकाच पद्धतीने बंद पडतात, तेव्हा दोष एसएमपीएसचा नसतो. एसएमपीएस बोर्डावरचा शॉर्ट ओळखून स्वतःला थांबवतो आहे. त्याने आपलं काम बरोबर केलं आहे.

आधी सगळी कार्डं, फ्लॉपी आणि डिस्क सोडवा. एसएमपीएसही बोर्डापासून काढा. मल्टिमीटर ओहमवर घ्या. बोर्डाच्या पॉवर कनेक्टरवर काळी पिन आणि बारा व्होल्टची पिन यांमध्ये मोजा. तसंच पाच, उणे बारा आणि उणे पाच यांचं करा. आकडे वहीत लिहा. बारा किंवा उणे बारावर एखाद-दोन ओहम दिसले, तर गुन्हेगार जवळजवळ नक्की टँटलम कपॅसिटर आहे. पिवळे किंवा नारिंगी, थेंबाच्या आकाराचे, आयएसए स्लॉटच्या आसपास असतात ते.

टँटलम जेव्हा जातो तेव्हा तो बहुधा शॉर्ट होतो. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीपासून त्या काळच्या बोर्डांवर बारा व्होल्टच्या लाइनवर १६ व्होल्टचे टँटलम लावलेले दिसतात. टँटलमला जेवढा दाब सोसतो असं छापलेलं असतं, त्याच्या निम्म्यावर वापरावं, असा पुढे संकेत पडला. १६ मध्ये १२ म्हणजे फारच काठावर. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टँटलमवर अचानक दाब आला की तो शॉर्ट होतो, आणि एसएमपीएसने वेळेत थांबवलं नाही तर मोठा आवाज होऊन पेट घेतो. म्हणून पहिल्यांदा चालू करताना बोर्डावर वाकून पाहू नका. डोळे लांब ठेवा.

बाराच्या लाइनवर असे कपॅसिटर थोडेच असतात. एकेकाचा एक पाय सोडवा आणि प्रत्येक वेळी लाइन पुन्हा मोजा. ज्याचा पाय सुटताच ओहम चढले, तो खराब. त्याच्या जागी १० मायक्रोफॅरड, २५ किंवा ३५ व्होल्टचा टँटलम लावा. लावताना डोळ्यांत तेल घालून पाहा : टँटलमवर जी खूण असते ती अधिकच्या पायाची, आणि गोल डबीच्या इलेक्ट्रोलायटिकवरची पट्टी उणेची. या दोन उलट पद्धतींमुळे नवा टँटलम उलटा लागतो आणि पहिल्याच मिनिटाला जळतो.

एक निघाला म्हणून बाकीचे सगळे टँटलम उपटावेत का? बाराच्या आणि उणे बाराच्या लाइनवरचे बदला. पाच व्होल्टवरचे चांगले मोजत असतील तर राहू द्या. जुन्या बोर्डाला प्रत्येक डीसोल्डरिंगचा ताप होतो.

बोर्ड उठला आणि थोडा वेग वाढवावासा वाटला, तर ८०८८ च्या जागी एनईसीचा व्ही२० बसवा. पायाला पाय जुळतो, बाकी काही बदलावं लागत नाही. फक्त तुमच्या बोर्डाचा मेगाहर्ट्‌झ चिपवर छापलेल्या मेगाहर्ट्‌झपेक्षा जास्त नको. अशा संगणकाला शोभेल एवढंच हे अपग्रेड आहे, आणि मला ते मनापासून आवडतं.

मी पंचायत समितीच्या नोकरीतून निवृत्त झालो. मोडीत निघालेला ४८६ मी तेव्हा लिलावात घेतला. त्यात सी-डॅकचं जिस्ट कार्ड आहे आणि डिस्कवर मी स्वतः मराठीत भरलेल्या नोंदी आहेत. संगणक चालू करून त्या पुन्हा वाचायच्या आहेत. काही फ्लॉप्याही आहेत, त्यांवर पांढरे डाग पडलेत.
— एक वाचक, रत्नागिरी

काका, तुमच्या पत्राने फार बरं वाटलं. ज्यांनी जिस्ट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आयआयटी कानपूरला या तंत्राची सुरुवात झाली आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था स्थापन झाल्यावर ते तिथे वाढलं. आयएसए स्लॉटमध्ये हे कार्ड बसवलं की डॉसवरच्या वर्डस्टार, डीबेससारख्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी उमटे. त्या प्रोग्रॅमना मराठीची काहीच जाण नव्हती. काना, मात्रा, जोडाक्षरं जुळवण्याचं सगळं काम कार्ड करत असे. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर हात बसलेले कितीतरी कारकून त्यातून तयार झाले. ही आपल्या भाषेच्या संगणकावरच्या वाटचालीतली मोठी वस्तू आहे. भंगारवाल्याला सोन्याच्या पिनांसाठी देऊ नका.

पण क्रम बदला. आधी नोंदी, मग संगणक. संगणक दुरुस्त करताना काही बिघडलं तर बोर्ड दुसरा मिळेल, तुमच्या हातच्या नोंदी मिळणार नाहीत.

डिस्क काढा आणि तिच्यावरचं लेबल पाहा. आयडीई (डिस्क जोडायची जुनी पद्धत) असेल तर लोक यूएसबीचं स्वस्त कन्व्हर्टर लावून पाहतात आणि 'डिस्क मेली' म्हणून सोडून देतात. ती मेलेली नसते. काही शे मेगाबाइटच्या आतल्या जुन्या डिस्कना सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा पत्त्यानेच बोलावं लागतं, आणि यूएसबी कन्व्हर्टरला ती भाषा सहसा येत नाही. एखादा पेंटियमच्या काळातला चालू बोर्ड मिळवा, त्याच्या आयडीई केबलवर ही डिस्क लावा आणि संपूर्ण डिस्कची प्रत काढा. मूळ डिस्कवर एकही अक्षर लिहायचं नाही.

फ्लॉप्यांवरचे पांढरे डाग म्हणजे बुरशी. कोकणातल्या हवेत ती धरतेच. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातलीत तर बुरशी हेडला चिकटते आणि ते हेड पुढच्या प्रत्येक चांगल्या फ्लॉपीवर चरे पाडतं. खिडकीतून चकती हळूहळू फिरवत, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापसाने दोन्ही बाजू पुसा. वाळल्यावरच ड्राइव्हमध्ये घाला. सव्वापाच इंची फ्लॉप्या असतील तर त्याच मापाचा खरा ड्राइव्ह लागेल. ग्रीसविझल नावाचं छोटं यूएसबी सर्किट असा ड्राइव्ह आजच्या संगणकाला जोडतं आणि फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे उतरवून घेतं. एखादा सेक्टर खराब असला तरी पुन्हा पुन्हा वाचून बऱ्याचदा तो हाती लागतो.

प्रत मिळाली की पुढचं सोपं आहे. जिस्टच्या फाइलींत मजकूर इस्की संकेतात असतो. भारतीय मानक १३१९४, साल १९९१. इंग्रजी अक्षरं पहिल्या १२८ जागांत आणि आपली लिपी वरच्या १२८ जागांत. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली, म्हणून रूपांतर जवळजवळ अक्षराला अक्षर होतं. विंडोजमध्ये देवनागरी इस्कीसाठी ५७००२ क्रमांकाचं कोडपेज आहे. प्रोग्रॅमिंग येणारा कुणी नातू-भाचा असेल तर त्याला एवढंच सांगा, तो संध्याकाळपर्यंत करून देईल. डीबेसच्या फाइलींत रकान्यांची रुंदी ठरलेली असते, तेव्हा आधी रकाने वेगळे करायचे, मग संकेत बदलायचा.

मराठीसाठी दोन ठिकाणी लक्ष ठेवा. 'वाऱ्यावर', 'दऱ्या' अशा शब्दांतला अर्धा र इस्कीत ऱ आणि हलन्त असा लिहिलेला असतो. रूपांतर करताना कुणी ऱ चा सरसकट र केला, तर रफार होऊन शब्द बिघडतो. आणि 'ॲ' हे अक्षर इस्कीत नाही, त्या जागी 'ऍ' सापडेल. ते शोधून बदलून घ्या.

आता कार्ड. बाहेर काढण्याआधी जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) कुठे कुठे आहेत त्यांचा फोटो घ्या. सोनेरी पिना खोडरबराने घासू नका, मुलामा पातळ होतो. अल्कोहोल आणि कापूस पुरे. कार्डाबरोबरचं सॉफ्टवेअर डिस्कवर किंवा फ्लॉपीवर असेल त्याचीही प्रत काढा, कारण त्याच्याविना कार्ड मुकं आहे. कार्डावर आणि मदरबोर्डावर काचेची खिडकी असलेल्या ईप्रॉम (कायमचा मजकूर साठवणाऱ्या चिपा) असतील, तर खिडकीवरचं स्टिकर सोलू नका. त्यातला मजकूर अतिनील प्रकाशाने पुसला जातो. प्रोग्रॅमर असलेल्या एखाद्या दुकानातून ईप्रॉमचीही प्रत काढून घ्या. एवढं झालं की बोर्डाकडे वळा, आणि तिथे कराडच्या वाचकाला सांगितलं तेच पहिलं काम.

माझ्याकडे ४८६ डीएक्स२-६६ चा व्हीएलबी (कार्डांसाठी वेगवान स्लॉट असलेला) बोर्ड आहे. १३३ मेगाहर्ट्‌झचा ५एक्स८६ मिळतो आहे. रॅम ६४ एमबी करायची आहे, आणि चार जीबीचं सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी) कार्ड हार्ड डिस्क म्हणून लावायचं आहे. चालेल ना?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर

तिन्हींना वेगवेगळं उत्तर आहे.

प्रोसेसर : १९९५ चा एएमडीचा हा चिप ३.४५ व्होल्टवर चालतो. तुझा डीएक्स२ पाच व्होल्टवर. सॉकेट एकच, चिप सहज बसतो आणि पाच व्होल्टवर भाजून निघतो. बोर्डच्या मॅन्युअलमध्ये ३.४५ किंवा निदान ३.३ व्होल्टचा जंपर आहे का ते शोध. जंपर लावल्यावर चिप न घालता सॉकेटच्या व्होल्टेजच्या पिनेवर मल्टिमीटरने मोज. छापलेल्या तक्त्यावर विसंबू नकोस. बोर्डला फक्त पाच व्होल्ट येत असतील तर मधे बसणारं रेग्युलेटरचं सॉकेट लागेल. गुणकाचं गणित असं आहे : ३३ मेगाहर्ट्‌झच्या बसवर चार पट म्हणजे १३३, आणि चार पटीसाठी जंपर दोन पटीच्या जागेवर ठेवायचा. बस ४० करून १६० काढायचा मोह होईल. काही चिप ते करतातही. पण व्हीएलबीची कार्डं ३३ च्या वर कुरकुरतात, आणि डिस्कचं कंट्रोलर कुरकुरलं की डेटा बिघडतो. ३३ वरच राहा.

रॅम : ६४ एमबी घेऊ नकोस, ३२ वर थांब. २५६ केबी कॅशचे (प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीचे) अनेक बोर्ड राइट-बॅक पद्धतीत (लिहिलेलं आधी कॅशमध्येच ठेवतात त्या पद्धतीत) पहिल्या ३२ एमबीलाच कॅशचा फायदा देतात. त्यापुढची रॅम कॅशशिवाय चालते, आणि काही प्रोग्रॅम आधीपेक्षा हळू होतात. पैसे खर्चून वेग कमी करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा कॅशच्या बेसमधल्या चिपा खऱ्या आहेत का, ते कॅश मोजणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने तपास. त्या काळात रिकाम्या प्लॅस्टिकच्या खोट्या कॅश चिपा लावलेले बोर्ड सर्रास विकले गेले.

डिस्क : तुझा बायोस बहुधा १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टरच्या पुढे पाहू शकत नाही. गुणाकार केलास तर ५२ कोटी ८४ लाख बाइटच्या आसपास येतो, म्हणजे ५०४ एमबी. यावर सुंदर उपाय आहे : एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस. तो मुक्त स्रोत आहे. ईप्रॉममध्ये भरून आयएसए नेटवर्क कार्डाच्या बूट रॉमच्या रिकाम्या बेसमध्ये बसवला की संगणक सुरू होताना तोच डिस्क ओळखतो. मदरबोर्डच्या बायोसला हातही लावावा लागत नाही, आणि कार्ड काढलं की बोर्ड होता तसा. डॉस ६.२२ मध्ये एक विभाग २ जीबीपेक्षा मोठा होत नाही, तेव्हा चार जीबीचे दोन भाग कर.

काढलेला डीएक्स२ विकू नकोस. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, अँटिस्टॅटिक पिशवीत घालून कॅबिनेटमध्येच ठेव.

पेंटियम-३ चा बोर्ड आहे, त्यात मुलांच्या लहानपणीचे गेम आहेत. मध्येच रीस्टार्ट होतो. प्रोसेसरजवळचे तीन-चार कपॅसिटर वरून फुगलेत. त्याच आकड्यांचे आणून लावले तर तो अजूनच लवकर बंद पडायला लागला. पावसाळ्यात आमच्याकडे दमट असतं, त्याचा परिणाम असेल का?
— एक वाचिका, म्हापसा

दमटपणाचा नाही, कपॅसिटरचाच. १९९९ पासून पुढची काही वर्षं कच्च्या दर्जाचा इलेक्ट्रोलाइट भरलेले कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर लागले. आत वायू तयार होतो, वरचं पत्र्याचं टोपण फुगतं, काही बुडाकडूनही गळतात.

नवे लावूनही बिघडलं, कारण आकडे जुळले पण जात जुळली नाही. प्रोसेसरजवळचे कपॅसिटर वीज साठवतात, तसेच सेकंदाला लाखो वेळा होणारी उघडझाप गुळगुळीत करतात. त्यासाठी आतला रोध अगदी कमी लागतो. दुकानात 'लो ईएसआर, १०५ डिग्री' असं मागायचं. साध्या पंख्याच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या सर्किटमधला १५०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्टचा कपॅसिटर तिथे तापतो आणि काही दिवसांत फुगतो. निचिकॉन, रुबिकॉन, पॅनासॉनिक अशा कंपन्यांचे घ्या, आणि खात्रीच्या विक्रेत्याकडूनच, कारण नकली माल फार आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुणाला पाठवणार असाल तर व्यास आणि उंचीही लिहून द्या. प्रोसेसरच्या हीटसिंकला अडणारा कपॅसिटर उपयोगाचा नाही.

काढताना ओढू नका. पायांवर आधी थोडं ताजं सोल्डर आणि फ्लक्स द्या, मग एक पाय तापवून कपॅसिटर किंचित कलवा, मग दुसरा, असं आलटून-पालटून. उणेचा पाय आतल्या तांब्याच्या अखंड थराला जोडलेला असतो आणि तो थर सगळी उष्णता शोषून घेतो. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न तिथे हरतं. ६० वॉट आणि जाड टोक घ्या. ओढून काढला तर भोकातला मुलामा बाहेर येतो आणि आतले थर तुटतात. ते मग कुणालाच जोडता येत नाहीत. घरी हे जमेल का अशी शंका असेल तर हे एकच काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराकडून करून घ्या. चालू करण्याआधी प्रोसेसर काढून जवळचे मॉस्फेट (वीज उघडझाप करणारे ट्रान्झिस्टर) शॉर्ट नाहीत ना, एवढं त्याच्याकडून तपासून घ्या.

दमटपणाबद्दल : बोर्ड पॅक करून ठेवण्यापेक्षा महिन्यातून एकदा तासभर चालवा. स्वतःच्या उष्णतेने तो कोरडा राहतो. आणि मुलांचे गेम आजच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.

बोर्डावर घड्याळाचं चित्र असलेली डॅलसची काळी जाड आयसी आहे, सेल कुठेच दिसत नाही. तारीख टिकत नाही.
— एक वाचक, बेळगाव

सेल त्या आयसीच्या आत ओतलेल्या प्लॅस्टिकमध्ये आहे. डीएस१२८७ किंवा डीएस१२८८७ असा नंबर असेल. आतला लिथियम सेल सुमारे दहा वर्षांच्या हिशेबाने दिलेला होता, तो संपला. निकेल-कॅडमियमसारखा तो बोर्ड खात नाही, त्यामुळे घाई नाही.

आयसी बेसमध्ये असेल तर काढून, नाण्याच्या सेलचा होल्डर असलेलं जुळणारं छोटं सर्किट त्या जागी लावा. सोल्डर केलेली असेल आणि तिचे पाय सुखरूप काढण्याचा सराव नसेल, तर ती जागेवरच ठेवून १६ आणि २० नंबरच्या पायांच्या वरचं प्लॅस्टिक बारीक कानशीने हळूहळू घासा. आत वर वळलेले दोन पाय दिसतील. २० नंबरचा अधिक, १६ नंबरचा उणे. दोन्हींची आतल्या मेलेल्या सेलकडे जाणारी जोडणी कापा, निदान अधिकची तरी कापलीच पाहिजे. नाहीतर जुना सेल नव्याला रिकामा करत बसतो. मग तारा सोल्डर करून सीआर२०३२ चा होल्डर लावा. घासलेली भुकटी ब्रशने झाडून अल्कोहोलने पुसा, आयसीच्या पायांत अडकू देऊ नका. सेटअपमध्ये तारीख आणि डिस्कचे आकडे पुन्हा भरा, आणि ते आकडे कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा.